वळणापुरती जागी

मित्रांनो, नवी गाडी दिसली की तुम्ही तिचा रंग बघता, आत बसून बघता, हळूच हॉर्नही वाजवून बघता. पण खाली वाकून कधी बघितलंय का? वाकलात तर पुढच्या दोन चाकांच्या मधे आडवी पसरलेली, दोन्ही टोकांना वळवलेली एक जाड पोलादी दांडी दिसेल. अंगावर चिखल, चिखलाखाली गंज. तीच मी. वय झालंय माझं, आणि खरं सांगायचं तर मी जात्याच झोपाळू आहे.

माझं काम ऐकून तुम्हाला माझा हेवाच वाटेल. सरळ रस्त्यावर दोन्ही चाकं मिळून वरखाली होतात, तेव्हा मला काही म्हणजे काही करावं लागत नाही. मला धरून ठेवणाऱ्या दोन रबरांमधे मी हलकेच फिरते आणि पेंगते. रस्ता वरून वाहतोय की खालून, तेही धड कळत नाही. मग वळण येतं. गाडी बाहेरच्या बाजूला कलू लागते, एक चाक दबतं, दुसरं सैल सुटतं, आणि मधल्यामधे मला पीळ बसतो. पीळ सोसायचा आमचा स्वभाव नाही. मी सरळ व्हायला धडपडते, आणि त्या धडपडीत गाडीला फार कलू देत नाही. वळण संपलं की पुन्हा माझा डोळा लागतो.

माझी पहिली आठवण उजेडाची आहे. भट्टीत मी लालबुंद होऊन पडले होते आणि सगळीकडे नारिंगी उजेड होता. मग मला वाकवलं, तेलात बुडवलं आणि पुन्हा मंद आचेवर ठेवलं, म्हणजे मी कडक राहीन पण मोडणार नाही. तो उजेड मला अजून स्वप्नात दिसतो. त्यानंतर मी सुट्या भागांच्या दुकानात वरच्या फळीवर बरीच वर्षं काढली. चकचकीत आरशांना लगेच गिऱ्हाईक मिळायचं. माझ्याकडे बोट दाखवून लोक विचारायचे, हे काय असतं, आणि उत्तर ऐकायच्या आत पुढे जायचे.

मला तिथून उचललं एका म्हाताऱ्या गवंड्याने. सगळे त्याला मिस्त्री म्हणत. त्याने हयातभर भिंती उभ्या केल्या होत्या आणि त्यातली एकही वाकडी नव्हती, हे तो येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचा. त्याची बायको सगळ्यांची वहिनी होती. वहिनीला लहानपणापासून गाडी लागायची. पुढे कानाचं दुखणं झालं आणि वळणावर गाडी जरा कलली की तिचं सगळं जगच फिरू लागे. आता नेमकं काय व्हावं? तिची थोरली बहीण राहत होती डोंगरावरच्या गावात, आणि तिथे जायचा रस्ता नुसता वळणांचा.

दोघींची गाठ फोनवरच पडायची. पण ताईला हल्ली विसर पडू लागला होता. तू कधी येतेस, असं ती विचारायची, आणि फोन ठेवायच्या आधी पुन्हा तेच विचारायची. वहिनी दर वेळी म्हणायची, येते गं, येते. मग बराच वेळ फोनजवळच बसून राहायची. ताई आपल्याला पुरती विसरायच्या आत एकदा तिच्यासमोर जाऊन उभं राहायचं, एवढंच तिला हवं होतं.

मिस्त्रीला ते बघवेना. त्याने आधी गाडीला कडक स्प्रिंगा बसवल्या. गाडी कलायची थोडी थांबली, पण प्रत्येक खड्ड्यात दोघांची कंबर खिळखिळी होऊ लागली, म्हणून त्या काढल्या. मग गॅरेजवाल्या मामांनी माझं नाव सुचवलं. मऊ स्प्रिंगा राहू देत, म्हणाले, ही दांडी फक्त वळणापुरती जागी होते. माझं इतकं नेमकं कौतुक त्याआधी कुणीच केलं नव्हतं. मी मनातल्या मनात फुलून गेले.

पण मिस्त्री पडला गवंडी. मोजल्याशिवाय त्याचा जीव राहतो होय? त्याने आपला ओळंबा आणला. ओळंबा म्हणजे दोरीला बांधलेलं पितळी वजन. ते भिंतीशी सोडलं की भिंत सरळ आहे की कलली आहे, ते कळतं. मिस्त्रीने तो गाडीतल्या आरशाला टांगला, वहिनीला मागे बसवलं आणि टेकडीखालच्या वळणांवर गाडी घातली. मी जिवाच्या करारावर राबले. वर ओळंबा मात्र वळणागणिक बाहेर झुलला, पहिल्यासारखाच. आज बरं वाटतंय हो, असं वहिनी मागून म्हणाली. मिस्त्रीला वाटलं, ही आपलं मन राखायला बोलतेय. कारण मन राखायची तिला सवयच होती. माझा ओळंबा जन्मात खोटं बोललेला नाही, असं म्हणून त्याने गाडी घरी वळवली.

दुसऱ्याच दिवशी मला काढून टाकलं. बैठकीच्या खिडकीबाहेर एक पडवी होती, तिथे थापी, घमेलं आणि जुन्या पोत्यांच्या मागे माझी रवानगी झाली. माझ्या डोक्यावरच्या खिळ्याला ओळंबा टांगलेला. त्याचा मला राग नव्हता. त्या बिचाऱ्याला एवढंच कळतं की आपल्याला कोण कुठे ओढतंय. पण फार वाईट वाटलं मला, अगदी गंज चढेपर्यंत वाईट वाटलं. मी झोपून राहायची, आणि स्वप्नातली वळणं नारिंगी असायची, कधी न संपणारी.

एका सकाळी खिडकीतून वहिनीचा आवाज आला. फोनवर ती पुन्हा पुन्हा सांगत होती, अगं मी, मी बोलतेय, तुझी धाकटी. पलीकडून बहुधा पुन्हा कोण म्हणून विचारलं गेलं. मग फोन ठेवल्याचा आवाज झाला, आणि जे व्हायचं ते होवो, आत्ताच्या आत्ता निघायचं, असं वहिनी म्हणाली. गाडी गेली, आणि उन्हं वर यायच्या आत परतही आली. वहिनीला डोंगराची पहिली वळणंसुद्धा झेपली नव्हती. ती भिंतीला धरून धरून चालत घरात न जाता पडवीच्या दाराशी आली.

"चक्कर ओळंब्याला येते का हो?" ती म्हणाली. "मला येते. त्या दिवशी नव्हती आली. मी सांगत होते, तुम्ही त्याच्याकडे बघत होता."

मिस्त्रीने पोती बाजूला केली, मला बाहेर काढलं आणि आपल्या सदऱ्याने पुसलं. चांगला धुतलेला सदरा होता.

मामांनी सगळं ऐकलं आणि त्यांना हसू आवरेना. अरे, ओळंबा भिंतीसाठी, ते म्हणाले, भिंत कधी वळण घेते का? वळण त्याला बाहेर ओढणारच, गाडी कलो न कलो. त्यांनी मला नवी रबरं दिली, गाडी चारी चाकांवर नीट उभी केली आणि मगच बोल्ट आवळले.

त्या चढाची वळणं मी कधी विसरणार नाही. मिस्त्री हळू चालवत होता, आरसा मोकळा होता, आणि प्रत्येक वळणाला तो विचारत होता, कसं वाटतंय? मी पिळत होते, सुटत होते, पुन्हा पिळत होते. मधल्या सरळ तुकड्यांत धुकं खालून वाहत यायचं, तेवढ्यात मला डुलकी लागायची. निम्म्या रस्त्यावर वहिनी म्हणाली, अगंबाई, केवढी खोल दरी आहे ही. म्हणजे तिचे डोळे उघडे होते, मित्रांनो. वळणांच्या रस्त्यावर तिने कधी डोळे उघडले नव्हते.

गाडी थांबली. मला खालून फक्त पाय दिसतात. वहिनीचे पाय उतरले आणि दाराशी जाऊन थबकले. आतून झिजलेल्या चपला घातलेले दोन सुजरे पाय आले.

"कोण पाहिजे?" ताईने विचारलं.

दोघींचे पाय समोरासमोर नुसते उभे राहिले. मग त्या झिजलेल्या चपला एक पाऊल पुढे आल्या.

"गाडी लागली का गं?" ताई म्हणाली. "ये, माझ्या मांडीवर डोकं ठेव."

"नाही ताई," वहिनी म्हणाली, "आज नाही लागली." आणि तरीही ती ताईबरोबर आत गेली, डोकं ठेवायला.

मिस्त्री बाहेरच उभा होता. बऱ्याच वेळाने तो गाडीशी आला, गुडघे टेकून वाकला आणि त्याने माझ्याकडे नीट बघितलं.

तेवढंच मागणं आहे, मित्रांनो. अधूनमधून असं वाकून बघत जा. आमची रबरं झिजतात, बोल्ट ढिले होतात, आणि आम्हाला हाक मारता येत नाही. पण मागच्या सीटवर बसलेल्या माणसाला बोलता येतं. त्याने बरं वाटतंय म्हटलं, तर त्याचं खरं माना. चला, आता रस्ता सरळ आहे, मी जरा पडते.