मास्तरांच्या गाडीचं छत

त्या बुरशीखाली मी बसणार नाही, असं मी म्हणाले ते केवळ विषय संपावा म्हणून. नाही म्हणायला काहीतरी कारण लागतं, आणि गाडीत डोकं घातल्याबरोबर नाकात शिरलेला कुबट वास मला आयताच मिळाला होता. पण मास्तरांना कारण दिलं की ते कामाला लागतात, हे लग्नाला बत्तीस वर्षं होऊनही माझ्या ध्यानात राहत नाही. ते सरळ आत गेले आणि बादली घेऊन आले.

मास्तर म्हणजे आमचे हे. तीस वर्षं गाडी चालवायला शिकवली, म्हणून सारं गाव त्यांना मास्तर म्हणतं आणि गावाबरोबर मीही. गेल्या वर्षी त्यांच्या डोळ्यांनी दगा दिला. कडेकडेचं धूसर दिसतं, समोरचं जवळजवळ नाहीच. डॉक्टरांनी गाडी चालवणं बंद केलं. तेव्हापासून त्यांची जुनी गाडी घरामागच्या पत्र्याखाली उभी होती. मागची काच बोटभर उघडी राहिली होती, ते कुणाच्या लक्षात आलं नाही. वर्षभर ओल आत जात राहिली आणि छताला आतून चिकटवलेलं राखाडी कापड काळ्या-हिरव्या ठिपक्यांनी भरून गेलं. शेवटी लेकानं भंगारवाल्याशी बोलणं केलं. तो रविवारी गाडी न्यायला येणार होता.

मास्तरांचं म्हणणं एकच. गाडी ठेवायची तर घरात कुणाला तरी ती चालवता आली पाहिजे. लेक दुसऱ्या गावाला, त्याची त्याला गाडी आहे. राहिलं कोण? मी. आणि मी शिकणार नव्हते, त्यांच्याकडून तर नाहीच नाही.

कारण सांगते. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी त्यांनी मला एकदा शिकवायला बसवलं होतं. मागच्या सीटवर त्यांचे दोन विद्यार्थी. चौकात मी वळण घेतलं आणि मास्तर असे ओरडले, की फुटपाथवरची माणसं थांबून बघायला लागली. तुला जन्मात जमायचं नाही, म्हणाले. मी गाडी कडेला लावली, उतरले आणि चालत घरी आले. त्यावर आम्ही दोघांनीही पुन्हा तोंड उघडलं नाही. नंतर त्यांनी शेकड्यांनी माणसं शिकवली, त्यांत माझी धाकटी जाऊसुद्धा होती. ती ऐटीत हॉर्न वाजवत दारावरून जायची आणि मी हसून हात हलवायची.

तर शुक्रवारी सकाळी बादली आली. मी सीट कव्हरवाल्याला फोन केला, कारण अर्धवट ज्ञानावर माझा विश्वास नाही. त्यानं बजावून सांगितलं की छताचं कापड फोमच्या पातळ थरावर डिंकानं चिकटवलेलं असतं आणि जुना डिंक पाण्याला टिकत नाही. आधी दारं उघडी टाकून, नाकाला फडकं बांधून व्हॅक्यूमनं बुरशी ओढून घ्यायची. मग व्हिनेगर-पाणी फडक्यावर मारायचं, छतावर नाही. फडकं दमट हवं, ओलं नको. टिपायचं, चोळायचं नाही.

अडचण अशी, की शिवणकामानं माझा खांदा आखडलाय, हात डोक्याच्या वर जात नाही. मास्तरांचे हात धड, पण डाग दिसत नाहीत. तेव्हा ते मागच्या सीटवर मान वर करून बसले आणि मी पुढं, मागं वळून. मी सांगायचं, त्यांनी टिपायचं. जन्मभर दुसऱ्याला डावीकडे-उजवीकडे करणाऱ्या माणसाला आपण डावीकडे म्हटलं की काय होतं, ते मी त्या दिवशी पाहिलं. दर वेळी "मला माहितेय" म्हणून हात भलतीकडेच जायचा. तरी दीड तासात मागची बाजू निघाली. कापडाचा मूळ रंग मी विसरूनच गेले होते, इतका उजळ निघाला. मास्तरांनी तो दिसत नसताना तीनदा विचारला आणि मी तीनदा सांगितला.

मी बादलीतलं पाणी बदलायला आत गेले, आणि तिथंच चूक झाली. पुढच्या सीटवर येऊन तिथल्या भागावर हात फिरवताना त्यांना कापड खरखरीत लागलं. म्हणजे मळ फार, असा हिशेब करून त्यांनी व्हिनेगर-पाण्याची बाटली उचलली आणि सरळ छतावर फवारली. मग चोळलं. मी परत आले तर पुढचं अर्धं छत सुटून लोंबत होतं. मास्तर ते दोन्ही हातांनी वर धरून बसले होते आणि पाणी कोपरांवरून त्यांच्या शर्टात चाललं होतं.

माझ्या तोंडाचा पट्टा सुटला. दीड तासाची मेहनत, सीट कव्हरवाल्याचं सांगणं, त्यांचा हट्टी स्वभाव, सगळं काढलं. शेवटी मी म्हणाले, "सांगितलेलं एक ऐकाल तर शपथ. तुम्हाला जन्मात जमायचं नाही."

बोलून गेले आणि माझं मलाच ऐकू आलं.

मास्तर छत धरून तसेच बसले. मग म्हणाले, "मी हेच म्हणालो होतो ना तुला?"

मी बादली खाली ठेवली.

"मीही आत्ता उतरून चालू लागलो असतो. पण हात काढले तर सगळं अंगावर येईल."

मला हसू येत होतं आणि हसायचं नव्हतं. मास्तर वर तोंड करून, त्या ओल्या कापडाशीच बोलल्यासारखे बोलत राहिले.

"तू चुकली नव्हतीस. वळण बरोबर घेतलं होतंस. समोरून ट्रक तुझ्या बाजूनं येत होता आणि मी घाबरलो. विद्यार्थ्यांच्या वेळी माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर जातो आणि तोंड बंद राहतं. त्या दिवशी पाय हललाच नाही, तोंड सुटलं."

"मग हे सांगायला तीस वर्षं लागतात?"

"तू परत त्या सीटवर बसलीस की सांगायचं ठरवलं होतं. तू बसलीच नाहीस."

राग तर आला होताच. तीस वर्षं मी स्वतःला मठ्ठ समजत होते, आणि हे मुहूर्त बघत बसले होते. पण रागाच्या खाली दुसरं काहीतरी इतकं भरून आलं की मी आत जाऊन उगाचच तोंड धुतलं. येताना शिवणाच्या मोठ्या टाचण्या आणल्या. मी जागा सांगितली, त्यांनी टाचण्या टोचल्या. या वेळी हात बरोबर जागी जात होता.

शनिवारी चारी दारं उघडी ठेवून पंखा लावला. सीट कव्हरवाला स्वतः येऊन नवा डिंक मारून गेला. कडेला दोन पुसट डाग राहिले, ते त्याच्याकडूनही निघाले नाहीत. आम्ही दोघं त्या दिवशी जेवढ्यास तेवढं बोललो. शिकशील का, असं मास्तरांनी एकदाही विचारलं नाही. फक्त दर तासाला गाडीपाशी जाऊन वास घेऊन यायचे.

रविवारी लेक आला आणि पाठोपाठ भंगारवाला. लेक गाडीचे कागद शोधायला लागला. मास्तर परसात उभे होते, चेहरा भलतीकडे. मी गेले, गाडीचं दार उघडलं आणि स्टिअरिंगमागं बसले. दार आपटल्याचा आवाज झाला तशी त्यांची मान वळली.

"या की," मी म्हणाले. "शिकवायचंय ना? पण ओरडायचं नाही."

चाचपडत येऊन ते शेजारी बसले. "दिसतंय कुठं मला," म्हणाले, "ओरडू कशावर?"

लेक पाहतच राहिला. आधी परसातच, आणि रस्त्यावर जायचं तर डोळस शिक्षक घेऊन, असं मी त्याला सांगून टाकलं. किल्ली फिरवली तर गाडी नुसती कण्हली. वर्षभर पडलेली बॅटरी, ती काय करणार? मग आमच्या लेकानं आणि गाडी न्यायला आलेल्या त्या भंगारवाल्यानं मिळून मागून धक्का द्यायला सुरुवात केली. भंगारवाला कुरकुरत होता, पण जोर चांगला लावत होता.

क्लच दाबून दुसऱ्या गिअरवर ठेव, वेग आला की क्लच सोड, इंजिन सुरू होईल, असं मास्तरांनी सांगितलं. चाकं फिरायला लागली. मास्तरांनी डोळे मिटून घेतले आणि कान चाकांकडे लावला. कुंपण जवळ येत चाललं होतं. त्यांना ते दिसत नव्हतं, मला दिसत होतं, आणि त्यांचा आवाज काही येईना.

"मास्तर, क्लच कधी सोडू?"

"तुला वाटेल तेव्हा," ते म्हणाले.

मी सोडला.