माझ्यात काकू होत्या

मित्रांनो, मी एक जुना सेट-टॉप बॉक्स आहे आणि मी संतापलो आहे. आपली कहाणी शांतपणे सांगावी म्हणतात. मला ते जमणार नाही.

नऊ वर्षांपूर्वी मी कारखान्यातून या घरी आलो. घरात काका, काकू, त्यांची मुलगी आणि जावई. माझ्या पोटात कार्यक्रम साठवता येतात, याचे काकांना भारी कौतुक. काकू रुग्णालयात परिचारिका होत्या. एकदा टीव्हीवर त्यांनी जखम कशी धुवावी ते सांगितले. कार्यक्रम जेमतेम चार मिनिटांचा. काकांनी तो माझ्यात जपून ठेवला. पुढच्याच वर्षी काकू गेल्या. तेव्हापासून रोज दुपारी जेवण झाले की काका तो लावून बसायचे.

गेल्या मंगळवारी कंपनीने माझ्यासाठी नवे सॉफ्टवेअर पाठवले. पडद्यावर ठळक अक्षरांत सूचना होती, 'काम चालू आहे, वीज बंद करू नका.' पण वाचतो कोण? या घरात कोणतेही यंत्र अडले की एकच औषध. प्लग काढा, दहा आकडे मोजा, पुन्हा लावा. जावयांनी चाळीस टक्क्यांवरच प्लग ओढला. मी ना जुना राहिलो ना नवा, नुसता लाल दिवा लुकलुकवत बसलो.

दुसऱ्या दिवशी मेकॅनिक आला. साठवलेल्याला हात न लावता त्याला नुसते सॉफ्टवेअर पुन्हा भरता आले असते. त्याला अर्धा तास लागला असता. पण साहेबांना पुढची चार घरे गाठायची होती. त्यांनी मला पार पुसून काढले. पाच मिनिटांत मी ठणठणीत!

काकांनी यादी उघडली. रिकामी. बंद करून पुन्हा उघडली.

"यात माझी बायको होती," काका म्हणाले.

"काका, आधी सांगायचं ना," मेकॅनिक म्हणाला.

आधी सांगायचे? चोराच्या उलट्या बोंबा! विचारायला याला तोंड नव्हते? मित्रांनो, कुणाचेही यंत्र हाती घ्याल, तेव्हा आधी विचारा, "यात काही ठेवलंय का?" एवढ्याने जीभ झिजत नाही.

आणि एक सांगतो. पुसल्यावर माझे स्वतःचे काहीच उरलेले नाही. हे सगळे मी नंतर काकांच्या तोंडून ऐकले आहे. काकूंचा आवाज हजारदा माझ्यातून गेला असेल. तो कसा होता, ते मला विचारू नका.