तहकूब सभा

"गणसंख्या पूर्ण नाही. सभा तहकूब," असं म्हणत चिटणिसाने फाईल मिटली, तेव्हा बाईंना मनातून हायसं वाटलं.

बुद्धिबळ मंडळाच्या आजच्या सभेपुढे एकच विषय होता. शनिवारी मुलींचा वर्ग भरतो ते सभागृह एका खासगी शिकवणीला देऊन टाकायचं. वर्ग बाईंचा. जन्मभर त्या स्पर्धांमध्ये पंच होत्या. निवृत्तीनंतर या मुली म्हणजेच त्यांचं घरदार. मुलींच्या आयांच्या हातापाया पडून त्यांनी त्यांना सभासद करून घेतलं होतं, आणि आज त्या सगळ्याजणी मत द्यायला आल्या होत्या. कार्यकारिणीतलं मात्र चिटणीस सोडून कुणी फिरकलंच नव्हतं.

"म्हणजे आता काय हो, बाई?" एका आईने विचारलं.

"काय म्हणजे? डाव तहकूब झाला की दुसऱ्या दिवशी पुढे चालू. जा तुम्ही, स्वयंपाक खोळंबले असतील."

बायका भराभरा जिना उतरल्या. बाई त्यांच्याबरोबर बसथांब्यापर्यंत गेल्या, शेवटची आई बसमध्ये चढेपर्यंत थांबल्या, आणि चष्मा वरच राहिला म्हणून परत आल्या. सभागृहातल्या खुर्च्या भरल्या होत्या. इतका वेळ खाली चहावाल्याकडे दबा धरून बसलेली अख्खी कार्यकारिणी!

"हे काय चाललंय?"

"तहकूब सभा," अध्यक्ष गोड हसले. "अर्ध्या तासाने, त्याच जागी. हिला गणसंख्या लागत नाही. नियमावलीतच आहे, बाई. तुम्ही तर नियमाच्या पक्क्या."

पक्क्या! पटावरचे नियम घोकण्यात आयुष्य गेलं, या लोकांचे वाचायचे राहूनच गेले. आयांना आपणच आपल्या तोंडाने घरी धाडलं. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावी असं बाईंना वाटलं.

"माझी उपसूचना आहे. वर्ग चालू ठेवावा."

"अनुमोदक?"

कुणी मान वर केली नाही. बाईंच्याच हाताखाली पंच झालेला चिटणीस पेनाचं टोपण काढत-लावत राहिला.

"उपसूचना बारगळली. ठराव सर्वानुमते मंजूर. लिहा."

"सर्वानुमते कसा? मी अजून आहे इथे," बाई चिटणिसाकडे वळल्या. "विरोधात एक. लिही."

चिटणिसाने अध्यक्षांकडे पाहिलं.

"लिहा हो. काय फरक पडतोय!"

त्याने ती ओळ पुरी करेपर्यंत बाई त्याच्या पाठीशी उभ्या राहिल्या. मग त्यांनी कपाटातून मुलींचे पट काढले, आणि ते न्यायचे कुठे हे न सुचून तसेच छातीशी धरून जिन्यात थांबल्या.