बी धरायच्या आधी

कात्रपच्या मागे, खदानीच्या कडेला उरलेल्या कातळावर, गणपती उठले की बोटभर उंचीची जांभळी फुलं येत. माझ्या वडिलांना, आण्णांना, कुठल्याच पुस्तकात त्यांचं नाव सापडलं नव्हतं. अंबरनाथच्या कारखान्यात फिटर असलेला हा माणूस सुट्टीच्या दिवशी तिथे उकिडवा बसून वहीत त्यांची चित्रं काढायचा. झाड एकाच पावसाचं. बी पडलं तर पुढच्या वर्षी, नाहीतर संपलं. बाकीचा कातळ सुरुंगांनी फुटला होता. आमच्या माहितीत अंगणाएवढा हाच तुकडा राहिला होता.

एक्क्याण्णवच्या सप्टेंबरात आण्णा अंथरुणावरून म्हणाले, "फुलं तोडू नकोस. बोंडं तपकिरी झाली की चिमूटभर बी आण. बेलवलीकडे टाकून बघू."

बोंडं हिरवी असतानाच ते गेले.

त्यांच्या मागे केलेल्या बौद्ध विधीला, पुण्यानुमोदनाला, त्यांची बहीण कौसाआत्या कुळगावहून आली. तिने डोक्यावरची पाटी उतरवली. पाटीभर जांभळी फुलं. नाजूक रोपं, ओढली तशी मुळांसकट आली होती.

"बघ बाय, तुझ्या बापाची लाडकी. सकाळधरनं खुडतेय, कंबर मोडली."

"सगळी?"

"एक ठेवलं नाय. बकऱ्यांच्या तोंडात कशाला? फुटतील परत. आनि हे शहाणे बघ, झेंडूचे हार घेऊन आलेत! दादाला झेंडूनं शिंका यायच्या, ठावं हाय का कुनाला?"

लोक हसले. आत्याही हसली, आणि हसता हसता रडायला लागली.

फूल वाहतानाची गाथा सुरू झाली. फूल कोमेजतं तसा देह, हा तिचा अर्थ आण्णांनीच मला सांगितला होता. माझी नजर फुलांमधली बोंडं शोधत होती.

सगळे जेवायला बसल्यावर मी फोटोपुढची फुलं न्हाणीत नेली आणि एकेक बोंड नखाने उघडलं. आत ओले, पाणीदार दाणे. एकही भरलेला नव्हता.

पुढच्या वर्षी आत्या मला हाताला धरून कातळावर घेऊन गेली. नुसतं गवत. ती वाकून वाकून बघत राहिली.

"माझ्या हातनं काय चुकलं तर नाय ना ग?"

"पाऊस उशिरा झाला," मी म्हणाले. "येतील."

त्याला सहा वर्षं झाली. आत्याला आता चालवत नाही. दरवर्षी ती निरोप धाडते, आली का? मी जाऊन बघते, आणि यंदा पाऊस कसा झाला ते तिला कळवते.