तारलीतलं विष

“श्रेयाला सांगू नकोस हं. बाजारातून आणली म्हणायचं. शिकलेली आहे, उगाच फाटे फोडील.”

मालनबाई आपल्या मुलाच्या, राजेशच्या कानाशी कुजबुजल्या. नवी सून श्रेया लांब मागे राहिलीय असं त्यांना वाटलं; ती चार पावलांवरच होती. तिने ऐकलं. मीही ऐकलं. मी एक डॉल्फिन, दादरच्या चौपाटीवर वाळूत पडलेली. अंग लुळं पडलंय, पण कान अजून तिखट आहेत.

माझा जन्म इथलाच, माहीमच्या खाडीच्या तोंडाशी. बोय आणि तारली पकडायला आईने शिकवलं. या उन्हाळ्यात मला पिल्लू झालं.

या ऑक्टोबरात वारा पडला, पाणी तापलं आणि समुद्रावर तांबूस साय धरली. साय कसली, डोळ्यांना न दिसणारं शेवाळ माजलं होतं. माजणारच! तुमची गटारं त्याला दिवसरात्र खुराक पुरवतात. समुद्राला वर्षातून एकदा नारळ वाहता आणि बारा महिने हे वाहता. वा रे भक्ती!

त्यातलं काही शेवाळ विषारी असतं. तारली ते खाते आणि मी तारली खाते. शंभर तारल्यांचं विष माझ्या एकटीच्या पोटात. ते डोक्यात चढतं. आधी दिशा कळेना, मग झटके. मासा पाण्यातच श्वास घेतो; मला श्वासाला वर यावं लागतं. झटक्यात वर येता आलं नाही, की बुडायचं. पिल्लू तर नुसतं दूध पीत होतं. विष माझ्याच दुधातून गेलं. परवा ते खाली गेलं, वर आलंच नाही.

आणि इथे काय? “अरे, हसतेय बघ! सेल्फी काढ.” माझ्या तोंडाची ठेवणच तशी आहे हो. मरतानाही हसरी दिसते, त्याला मी काय करू? एका आजोबांनी निदान केलं, “वयच झालं असणार.” बारा वर्षांची आहे मी! एका बाईंनी हळदकुंकू वाहिलं. पाण्याची बादली मात्र कुणी आणली नाही.

लाटेने फेकलेली तारली माझ्याभोवती तडफडत होती. लोक पिशव्या भरत होते. मालनबाईंनी एक उचलली, अंगठ्याने कल्ला उघडला.

“लालबुंद! अशी ताजी बाजारातपण मिळायची नाय. नूपुरला सातवा लागलाय, तारलीचं तिखलं मागत होती. संध्याकाळी लेक येतेय, पोटभर वाढीन.”

कल्ला लाल की मासळी चोख, ही यांची पिढ्यान्‌पिढ्यांची परीक्षा. हे विष कल्ल्यात दिसत नाही, वासाला येत नाही, उकळून जात नाही. कुणी सांगायचं? मला तर शिट्टीही फुटत नव्हती.

श्रेया माझ्याशेजारी उकिडवी बसली. ओढणी ओली करून तिने माझ्या पाठीवर टाकली. तेवढ्यात मला झटका आला. शेपटी वाळूवर आपटत राहिली. तो ओसरला, तेव्हा ती उभी होती.

“चल ना,” राजेश म्हणाला, “आई थांबलीय.”

“आई,” ती म्हणाली, आणि आसपासच्या पिशव्या भरणाऱ्यांनीही माना वळवल्या, “ही पिशवी घरी येणार नाही. पाणी तांबूस झालंय, या डॉल्फिनला झटके येतायत. हिने हीच तारली खाल्लीय. नूपुरताईंच्या पोटात बाळ आहे. हे तिखलं मी करणार नाही आणि तुम्हालाही करू देणार नाही. रागवायचं तर खुशाल रागवा. राजेश, तू आधी वनखात्याला फोन लाव. ही अजून जिवंत आहे.”