भलंसुद्धा नाही

इस्त्रीवाल्याने राखाडी कोट रफूवालीच्या टेबलावर आणून टाकला. दिवसभर दुनियेचे कपडे नीट करतेस आणि स्वतःच्या कोटाची ही गत, दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच, असं ऐकवून तो परत आपल्या वाफेकडे गेला. कोटाच्या खालच्या पट्टीवर बोटबोटभर अंतराने सात चकचकीत ठिपके उमटले होते. पट्टीत काही टणक राहिलं आणि वरून दाबून इस्त्री फिरली, की कापड असं चमकतं. लोकांच्या कोटांत किल्ल्या निघतात, गोळ्या निघतात, एकदा तर एका वकिलाच्या कोटात दाढ निघाली होती. पण एका ओळीत सात वस्तू कुणी विसरत नाही.

तिने पट्टी उसवली. आत निळा मेणाचा दोरा होता आणि त्याला सात गाठी होत्या.

वीस वर्षं ती ह्या ड्रायक्लीनरच्या मागच्या खोलीत खिडकीखाली बसून रफू करत आली होती. टाका पाहून तिला माणूस कळायचा. घाईचा कोण, रागाचा कोण, चष्मा न लावता शिवणारा कोण. ह्या गाठींची शेपटं सगळी डावीकडे वळलेली होती. डाव्या हाताने, दोरा दोनदा फिरवून अशी गाठ मारणारं एकच माणूस तिला ठाऊक होतं, आणि रोज सकाळी त्या माणसाच्या हातचा चहा पिऊन ती कामावर यायची.

मावशी चेटूक जाणायची. रफूवालीही तिच्याच हाताखाली शिकलेली. चेटूक म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कवट्या आणि काळी मांजरं येतात. ह्या घरात ते स्वयंपाकघरात चालायचं, ओट्याशेजारच्या लाकडी टेबलावर, साधा दोरा, मीठ आणि पाणी घेऊन. बायका यायच्या, ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं आधी हवापाण्याचं बोलायच्या, मग रडायच्या. मावशी कुणाची झोप परत आणायची, कुणाच्या तान्ह्याची किरकिर थांबवायची. आणि ह्या सगळ्याला नियम होते. मावशीच्या मावशीने ते बशांच्या कपाटाच्या दाराला आतून पेन्सिलने लिहून ठेवले होते, त्यामुळे बशी काढताना रोज ते वाचले जायचे.

पहिला नियम असा, की न विचारता कुणासाठी काही करायचं नाही, भलंसुद्धा नाही. दुसरा, ज्याने बांधलं त्यानेच आपल्या हाताने सोडायचं. तिसरा, केलेलं नाकारायचं नाही, समोरच्याने विचारलं की सांगायचं. आणि चौथा, सिंकमध्ये खरकटी भांडी असताना मंत्राला हात लावायचा नाही. चौथ्यावर नवख्या बायका हसायच्या. मावशी हसायची नाही. ज्याला स्वतःचं ताट घासता येत नाही त्याने दुसऱ्याच्या नशिबाला हात घालू नये, असं ती म्हणायची.

रफूवाली टेबलाशी दोरा हातात धरून बसून राहिली. हा कोट तिने बारा वर्षांपूर्वी घेतला होता, फक्त महत्त्वाच्या दिवशी घालायचा म्हणून. असे दिवस आले तीन. मोठ्या शहरातल्या नाटकगृहात पोशाखांची खोली आहे, तिथे जुन्या मखमली, जरीचे झगे, शंभर वर्षांचे अंगरखे दुरुस्त करतात. तिथे काम मिळावं ही तिची एकुलती एक हौस. पहिल्यांदा बोलावणं आलं अकरा वर्षांपूर्वी. ती बसच्या पायरीवर पाय ठेवेपर्यंत पोचली, काळीज असं धडधडायला लागलं की तिथूनच परतली. दुसऱ्यांदा स्टँडच्या दारातून. तिसऱ्यांदा तर गल्लीच्या कोपऱ्यावरूनच. तिन्ही वेळा अंगावर हाच कोट होता. आणि तिन्ही वेळा मावशीने गरम सूप पुढे ठेवून, पाठीवरून हात फिरवत तेच सांगितलं होतं, की काहींचं काळीज लहानच असतं, चिमणे, त्यात लाजायचं काय.

बेचाळिसाव्या वर्षीही घरात तिला चिमणी म्हणत. आता चौथ्यांदा पत्र आलं होतं आणि मुलाखत उद्या होती.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली ती मात्र नाटकगृहाच्या आठवणीने नव्हे. तिचा ज्याच्यावर जीव होता तो घड्याळजी तिला आठवला. नऊ वर्षांपूर्वी तो परदेशी निघाला होता आणि जाण्याआधी त्याने कोटाचं अस्तर दुरुस्तीला तिच्याकडेच दिलं होतं. दोन दिवस तो कोट तिच्या मांडीवर होता. एक दोरा, सात गाठी, अस्तराच्या आत. कुणाला कळलं नसतं, आणि तो जाऊ शकला नसता. तिने अस्तर शिवलं, कोट घडी करून त्याच्या हातात दिला आणि तो गेला. त्या संध्याकाळी मावशीने तिचं डोकं कुशीत घेतलं होतं, आज तू खरी शिकलीस म्हणाली होती. आणि हे म्हणताना हा निळा दोरा दोन हातांच्या अंतरावर, दारामागच्या खुंटीवरच्या कोटाच्या पट्टीत होता. लोका सांगे ब्रह्मज्ञान! केसाने गळा कापणं म्हणजे आणखी काय असतं?

बरं, एकट्या घड्याळजीचंच कशाला घ्या. मुलगी दूर लग्न करून जाऊ नये म्हणून तिच्या बाहीत गाठ मारून दे, असं विनवत आलेल्या शेजारणीला रफूवालीने दारातून परत पाठवलं होतं. लेकीला विचारलंस का, असं तिने खडसावलं होतं. शेजारीण आजतागायत बोलत नाही. तेव्हा मावशी आत बसून हे सगळं ऐकत होती आणि मूग गिळून गप्प होती. कुंपणच शेत खात होतं आणि ही वेडी बाहेर उभी राहून राखण करत होती.

पाच वाजता तिने टाचण्या डब्यात भरल्या, उसवलेली पट्टी तशीच ठेवून कोट हातावर टाकला आणि घरी आली.

मावशी टेबलाशी बसली होती. वर्षभरात तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू दाटला होता. रोज संध्याकाळी रफूवाली दहा सुया ओवून उशीला टोचून ठेवायची, म्हणजे दुसऱ्या दिवशी मावशीचं अडत नसे. मावशीने कधी सांगितलं नव्हतं. ही आपणच करायची. आज येता येताच तिला पहिल्यांदा वाटलं, की हेसुद्धा न विचारता केलेलंच आहे. मग तिला स्वतःचाच राग आला, की ह्या क्षणीही आपण आपलीच चूक शोधतोय.

तिने कोट टेबलावर टाकला, मावशीचं बोट धरून दोऱ्यावर ठेवलं. मावशीचं बोट पहिल्या गाठीवर थांबलं.

"हा कुणी बांधला?" रफूवालीने विचारलं.

तिसरा नियम होता. मावशीने तो मोडला नाही.

"मी."

मग ती सांगू लागली. तुझी आई जाऊन दोन महिने झाले होते. तू जेवत नव्हतीस, रात्ररात्र खिडकीत बसायचीस. त्या अवस्थेत अनोळखी शहरात एकटी गेली असतीस तर तुला कोणी पाहिलं असतं? बहिणीला शब्द दिला होता की पोरीला सांभाळीन. तुझ्या भल्यासाठीच केलं. आवाजात पश्चात्ताप नव्हता असं नाही, पण त्याहून जास्त सवय होती, आपणच बरोबर असण्याची.

रफूवालीने उठून कपाटाचं दार उघडलं आणि सताड उघडं ठेवलं.

"भलंसुद्धा नाही, असं लिहिलंय," ती म्हणाली.

"लिहिलंय," मावशी म्हणाली. मग हळूच म्हणाली, "पण ती वर्षाची गाठ होती, चिमणे. वर्ष सरलं की तो नुसता दोरा उरतो. पुढच्या दोन्ही वेळा तू तुझी तूच परत आलीस."

मावशीला वाटलं असावं की ह्याने ओझं हलकं होईल. रफूवाली इतका वेळ उभी होती, ती आता खुर्ची ओढून समोर बसली. तिचा आवाज चढला नाही. वीस वर्षं बारीक काम केल्यावर रागसुद्धा बारीक होतो.

"त्या दोऱ्यात जोर होता की नव्हता, मला माहीत नाही, मावशी. पण पहिल्यांदा मी परत आले, तेव्हा तू सूप वाढून मला काय सांगितलंस? तुझं काळीज लहान आहे म्हणालीस. तेव्हा तुला माहीत होतं ना पट्टीत काय आहे? मी अकरा वर्षं स्वतःला भित्री समजत आले. दुसऱ्या वेळी, तिसऱ्या वेळी मी तुझ्या त्या शब्दांमुळे परतले. ती गाठ तू कुठे बांधलीस आणि ती कोण सोडणार?"

मावशीने दोऱ्यावरचं बोट काढून घेतलं. घरी आलेल्या बायकांना तिने आयुष्यभर एकच गोष्ट बजावली होती, की दोऱ्याआधी शब्द जपून वापरा.

"दुसरा नियम," रफूवाली म्हणाली, आणि टाके उसवायची छोटी कात्री तिने मावशीपुढे सरकवली.

मावशीने कोट जवळ ओढला. तिला गाठी दिसत नव्हत्या. ती नखाने चाचपत होती, कात्रीचं टोक कधी कापडात रुतायचं, कधी बोटात. पहिली गाठ सुटायला कितीतरी मिनिटं लागली. रफूवालीचे हात शिवशिवत होते. एवढं काम तिने एका दमात उरकलं असतं. तिने दोन्ही हात मांडीखाली घेतले आणि त्यांच्यावर बसली. मागितलं नव्हतं, म्हणून दिलं नाही. तिसऱ्या गाठीला मावशीच्या बोटातून रक्त आलं. ते पाहून रफूवालीला वाईट वाटलं, आणि वाईट वाटतंय ह्याचा परत राग आला. आपल्या माणसावर धड रागावूही देत नाहीत ही आपली माणसं.

सहा गाठी सुटल्या. सातवी मेणाने दगडासारखी झाली होती.

"ही एवढी तू सोडशील का?" मावशीने विचारलं.

"नाही."

मावशीने मान हलवली आणि दात लावून ती गाठ सोडवली. कात्रीने कापता आली असती, पण कापलेली गाठ सुटलेली धरत नाहीत, हे तिनेच शिकवलं होतं. त्या रात्री घरात कुणी सूप केलं नाही. रफूवालीने पाव खाल्ला, ताट सिंकमध्ये ठेवलं, सुया न ओवता झोपली.

सकाळी तिने कोट घातला. पट्टी मागच्या बाजूने लोंबत होती. पोशाख दुरुस्त करण्याच्या कामाला चाललेली बाई आणि अंगावरचा कोट उसवलेला. पण त्या घरात, त्या टेबलाशी बसून ती पट्टी शिवायची तिची इच्छा नव्हती. विचारलं तर सांगेन की वेळ होता, सुई होती, तरी शिवली नाही, असं तिने ठरवलं.

मावशी दाराशी आली. रात्रभर तिला झोप नव्हती हे दिसत होतं. चौकटीला धरून ती उभी राहिली. अखेर ती बोलली, आणि ह्या वेळी चिमणे म्हणाली नाही.

"मी तुझ्यासाठी काही करू का? करू दिलंस तरच."

आयुष्यात पहिल्यांदा तिने विचारलं होतं. क्षमा करायला रफूवालीला वेळ लागणार होता, आणि तो वेळ तिचा होता, मावशीचा नव्हता.

"भांडी घास," ती म्हणाली आणि जिना उतरली.

ती गल्लीचा कोपरा ओलांडून पुढे गेली. स्टँडचं दारही मागे पडलं. बसच्या पायरीवर पाय ठेवला आणि काळीज धडधडायला लागलं, अगदी अकरा वर्षांपूर्वीसारखं. दोरा नव्हता, गाठी नव्हत्या, तरी तेच. तिला क्षणभर वाटलं की मावशीचंच खरं होतं. मग तिला आठवलं की असं वाटायला तिला कुणी शिकवलं, आणि असा संताप आला की धडधड ऐकू येईना.

"बाई, तुमच्या कोटाची पट्टी लोंबतेय," मागून कुणीतरी सांगितलं.

"माहीत आहे," ती म्हणाली, आणि वर चढून खिडकीजवळ बसली.