तिसरं पाणी

"आये, बाबांचं तोंड लाल गो कशानं?"

चार-पाच वर्षांच्या भरतचा तो आवाज आवडीला अजून ऐकू यायचा, अंगणाच्या कडेच्या चपट्या दगडाजवळून. शर्यतीहून आल्यावर तिचा नवरा भिकू त्याच दगडावर उभा राहून चूळ भरायचा. तेव्हा ती चटकन म्हणाली होती, "पान खाल्लंय रे त्यांनी." पोराला पटलं. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही.

"काकी, इकडं बघ, मोबाइलमध्ये."

पुतण्या दीपेश कालच मुंबईहून आला होता. उद्या नदीकाठच्या माळावर बैलगाडीची शर्यत होती. तिथं मोठा पडदा लावून त्यावर शर्यतीचा इतिहास दाखवायचा, असं मंडळानं ठरवलं होतं. भिकू जाऊन सहा वर्षं झाली होती, तरी त्याच्या नावाशिवाय तो इतिहास कोण ऐकणार?

"एकदम नॅचरल बोल. टेन्शन नको घेऊस."

"माला कसलं टेन्शन? घाम तुलाच फुटलाय."

दीपेश हसला. आवडीनं पदर सारखा केला आणि सांगू लागली. सासऱ्यांच्या वेळी गाड्या भात घेऊन महाडच्या बाजाराला उतरायच्या. येताना रिकाम्या. रिकामी गाडी आणि घराची ओढ, मग कुणी तरी हाळी द्यायचं आणि बैल आपणच पळायचे. हरला त्यानं जिंकलेल्याच्या बैलांना गवताचा भारा टाकायचा, एवढीच पैज. पुढं ती जत्रेत आली. नारळ आला, फेटा आला, पितळी घागर आली.

"आणि मग काकांचा जमाना!" दीपेशनं धागा पुढं ओढला.

"हां. मग तुझा काका आला."

मधे शर्यतीवर बंदी आली, माळावर गुडघाभर गवत वाढलं, त्या वर्षांत आपल्याला किती शांत झोप लागायची, हे ती बोलली नाही. बंदी उठली तसा भरतनं घाटावरून टेम्पोतून खोंड आणला. आईपासून तोडलेला, हगवण लागलेला. आवडीनं त्याला पेजेवर जगवला. बोट चोखत चोखत तो तिच्या हातातून मोठा झाला. त्याचं नाव राजा.

पूर्वी बायकांनी माळावर जायची रीत नव्हती. गेल्या वर्षी मात्र भरतनं हौसेनं तिला नेलं, राजाला पळताना बघायला. तिनं पाहिलं ते असं. पुढाऱ्यांच्या हसऱ्या तोंडांचे फलक आणि त्यांच्या खाली गुटख्याच्या पिंका. सकाळी दहा वाजता झिंगलेली माणसं. छातीत धडधडणारा डीजे. आणि त्या सगळ्यातून राजा आला, डोळे पांढरे झालेले, जीभ ओल्या फडक्यासारखी लोंबणारी, तोंडाचा फेस मागं उडून गाडी हाकणाऱ्याच्या, तिच्याच लेकाच्या, तोंडावर बसलेला. लोक शिट्ट्या मारत होते. आवडी एका टेम्पोच्या आड गेली आणि भडभडून ओकली. "ऊन लागलं आयेला," असं भरतनं चारचौघांत सांगितलं.

"आता सगळं रूलप्रमाणं असतं, काकी," दीपेश म्हणाला. "टोचायला पराणी नाय, शॉक द्यायला बॅटरी नाय. फुल शूटिंग. बरं, ती ओवी घे ना, काका आले की तू म्हणायचीस ती. उद्या तू राजाला ओवाळशील तेव्हा पडद्यावर तीच लावू."

ज्या घरच्या बाईनं ओवाळलं नाही, त्या घरची जोडी माळावर जुंपत नाहीत, ही या वाडीची जुनी रीत. पावत्या आल्या, परवाने आले, रीत राहिलीच. आवडीनं डोळे मिटले. आवाज पिकला होता, पण सूर जागेवर होता.

*पहिलं ग पाणी घालू, बैलाच्या पावलांना*
*दुसरं ग पाणी देऊ, दमल्या धन्याला…*

"आणि तिसरं?"

"तिसरं नाय."

"काकी, ओवीत दोनच पाणी? कायपण!"

"नाय म्हटलं ना."

तिसरं होतं. भिकू जेवून घोरू लागला की ती तांब्या घेऊन अंगणात यायची, तो दगड खराट्यानं घासायची आणि स्वतःशीच पुटपुटायची. मोठ्यानं म्हणायची ओवी नव्हती ती. भिकूच्या उष्ट्या ताटात मग ती कधी जेवली नाही. सासू म्हणायची, बाई शहाणी, आपलं पोट मारून नवऱ्याला जास्त वाढते. त्या तोंडाकडं बघून आपला घास उलटा येतो, हे कुणाला सांगायचं?

गेटाशी घुंगरं वाजली. भरत सरावाहून आला होता, घामानं चिंब, खूश.

"रेकॉर्डिंग चालूय का? मग माला पण घे." त्यानं मोबाइलसमोर दोन्ही तळवे पसरले. "बघा मंडळी, चाबूक नाय, पराणी नाय. हात मोकळे. नुसत्या हाकेवर पळतोय आपला राजा! आये, पाणी आण गो."

आवडीनं घागर आणली. पहिलं पाणी राजाच्या पायांवर घातलं. एरवी तिच्या खांद्यावर मान टाकणारा राजा आज तिचा हात लागताच थरारून बाजूला झाला. शेपूट त्यानं पोटाखाली घट्ट आवळून धरली होती. शेपटीच्या गोंड्याचे पांढरे केस एकमेकांना चिकटले होते, आणि त्यावर माश्या.

दुसरं पाणी तिनं लेकाला दिलं. भरत त्याच दगडावर उभा राहिला, चूळ भरली आणि थुंकला.

दगड लाल झाला.

दीपेशचा अंगठा मोबाइल बंद करायला पुढं झाला. भरतनं आईकडं पाहिलं नाही. ओठाला चिकटलेला एक पांढरा केस त्यानं अंगठ्यानं पुसला आणि मोबाइलकडं बघून हसला. "पान खाल्लंय," तो म्हणाला.

आवडीनं घागर खाली ठेवली. ती दगडापर्यंत गेली, लाल पाण्याकडं बघत उभी राहिली. मग वळली.

"बंद नको करू रे दीपेश. तिसरं पाणी पायजे होतं ना तुला? घे."

"आये, नंतर…"

"तू गप." तिचा आवाज चढला नव्हता. "याच्या बापानं जल्मात कधी पान खाल्लं नाय. बैलाची शेपूट दातात धरून चावायचा तो, रगत येईपर्यंत. घरी येऊन हितंच थुंकायचा, आन मी धुवायची. आता हा बी तेच करतोय. उद्या मी ओवाळणार नाय."